हॉर्टिकल्चर आणि ॲग्री टेक्नॉलॉजीची डिग्री: चार वर्षं करून झाल्यावरचा रिव्ह्यू

ही डिग्री घेऊ का नको असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय, प्रत्येकाशी तास तास बोलून झालं तरी काहीतरी सांगायचं राहतंच, म्हणून आता एकदा नीट लिहूनच टाकते. मी ही डिग्री पूर्ण केलीय, माझी चार वर्षांची होती, आता एका ग्रीनहाऊसमध्ये पाणी आणि खतं बघायचं काम करते. माझं रेटिंग पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते पुढे येईलच, पण परत निवडायची वेळ आली तर मी हीच डिग्री निवडेन हे आधी सांगते, नाहीतर खालच्या तक्रारी वाचून गैरसमज व्हायचा.

नावावरून लोकांना दोनपैकी एक काहीतरी वाटतं, एकतर झाडं लावायला शिकवतात, नाहीतर चार वर्षं ड्रोन उडवतात. पहिल्या वर्षी यातलं काहीच नव्हतं. केमिस्ट्री, बॉटनी, गणित आणि माती. आमच्यातले काही जण तिथेच सोडून गेले, आणि पहिले तीन महिने मलाही वाटत होतं की आपलं चुकलंच. मग मातीचं प्रॅक्टिकल सुरू झालं. ओली माती मळून मुठीत घ्यायची आणि अंगठ्याने पुढे ढकलत ढकलत तिची पट्टी काढायची, पट्टी किती लांब निघून तुटते त्यावरून चिकणमाती साधारण किती ते सांगायचं. नंतर तीच माती उंच काचेच्या सिलिंडरमध्ये पाण्यात ढवळून त्यात हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याची घनता मोजायची तरंगती काचेची नळी, सोडायचा. वाळू मिनिटभरात तळाला जाते, पोयटा त्याच्यामागून, आणि चिकणमातीचे कण तासन्‌तास पाण्यात तसेच राहतात. माझा अंगठ्याचा अंदाज आणि हायड्रोमीटरचा आकडा पहिल्यांदा जुळला तेव्हा मी लॅबमध्ये मोठ्याने ओरडले होते, खरंच.

वाफसा हा शब्द तर सगळ्यांना माहीत असतो, पण वाफसा आला म्हणजे मातीच्या आत नक्की काय झालं ते मला तिथे कळलं. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निचरून जातं, तिथे हवा शिरते, आणि बारीक पोकळ्यांत धरलेलं पाणी राहतं, पुस्तकात त्याला फील्ड कपॅसिटी म्हणतात, ते जवळपास हेच. दुसऱ्या टोकाला विल्टिंग पॉइंट, म्हणजे रोप कोमेजतं ती हद्द, मातीतल्या पाण्याच्या ताणाच्या मापात ती उणे १५०० किलोपास्कल धरतात, त्याच्यापुढे माती पाणी इतकं घट्ट धरते की रोपाला ते ओढताच येत नाही. झाडाला मिळणारं पाणी ते फक्त या दोघांच्या मधलं. म्हणूनच माती हाताला ओलसर लागते आणि रोप तरी मान टाकतं. हे एक चित्र डोक्यात बसलं ना की ठिबकचं अर्धं गणित सुटतं, मला आजही रोज कामावर हेच लागतं.

दुसरं वर्ष नर्सरीचं, आणि माझ्या मते या डिग्रीतला सगळ्यात सोन्यासारखा भाग हाच. कलम बांधायचं थिअरीत एका वाक्यात होतं, खुंटाचा (खालचं मुळांवरचं रोप) कँबियम आणि कलमकाडीचा (त्यावर बांधायची काडी) कँबियम एकमेकांना टेकले पाहिजेत, बस. कँबियम म्हणजे सालीच्या आतला अगदी पातळ हिरवट थर. मी पहिल्यांदा ४० कलमं बांधली आणि त्यातली ९ जगली. नर्सरीत एक काका होते, त्यांनी माझी मेलेली कलमं एकेक उलगडून मला दाखवली. काप सपाट नव्हताच, लाटेसारखा आला होता, मधे फट राहिली आणि आतलं वाळून गेलं. "अगं, चाकू घासू नकोस, एका ओढीत काप. भाकरी कापतेस का करवत चालवतेस?" असं ते म्हणायचे, आणि मग माझा हात धरून ओढ दाखवायचे. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर मधोमध ठेवायची नाही, एका बाजूला सरकवायची म्हणजे निदान एका कडेला तरी थर जुळतात, हेही त्यांनीच शिकवलं.

तिसऱ्या खेपेला एका कलमावर मस्त फुटवा आला आणि मी सगळ्यांना बोलवून बोलवून दाखवला. काका आले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "खालून आलाय बाळा, खुंटाचा आहे, काढून टाक." जोडाच्या खाली आलेला फुटवा काढला नाही तर सगळी ताकद तोच खातो आणि वरची काडी उपाशी मरते. तो खुडताना मला फार वाईट वाटलं होतं, पण त्या दिवसापासून कुठलंही कलम दिसलं की माझी नजर आधी जोडावर जाते.

खुंटाचं महत्त्व वर्गातही छान शिकवलं, ते मान्य करायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या द्राक्षबागा फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळापासून संपवल्या, आणि बागा वाचल्या त्या अमेरिकन खुंटांवर युरोपियन जातींची कलमं करून. फळ तेच ठेवलं, मुळं बदलली. सफरचंदाचा एम ९ खुंट इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगच्या संशोधन केंद्राने निवडून नाव दिलेला, त्याच्यावर तेच झाड बुटकं राहतं, लवकर फळतं, मात्र त्याची मुळं कमजोर म्हणून आधार द्यावा लागतो. काकांकडे हात शिकायचा आणि वर्गात कारण, दोन्ही एकाच आठवड्यात व्हायचं, त्यामुळे सगळं डोक्यात बसलं. पुढे हे असं फार कमी वेळा झालं, आणि माझी खरी तक्रार तिथेच आहे.

टिश्यू कल्चरचा, म्हणजे झाडाच्या बारीक तुकड्यापासून बरणीत रोपं करायचा अनुभव ठीकठाक. मीडिया, म्हणजे बरणीतलं पोषक मिश्रण, मुराशिगे आणि स्कूग या शास्त्रज्ञांचा, १९६२ चा, अजूनही तोच वापरतात, सगळे त्याला एमएस म्हणतात. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, १२१ डिग्रीला, १५ पौंड प्रेशरला. ऑक्सिन आणि सायटोकायनिन ही झाडाच्या वाढीची संप्रेरकं, पहिलं जास्त आणि दुसरं कमी असेल तर मुळं, उलट केलं तर फुटवे, हे बरणीत डोळ्यांनी बघायला मिळालं. पण आम्हाला माणशी सहाच बरण्या दिल्या होत्या, माझ्या चार बरण्यांत तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी आली आणि विषय संपला, परत करायला वेळच नव्हता. असं कौशल्य सहा बरण्यांत येत नसतं. हार्डनिंग तर एका लेक्चरमध्ये उरकलं. बरणीतल्या रोपाच्या पानावर मेणाचा थर नीट नसतो, पर्णरंध्रं वेळेवर मिटत नाहीत, बाहेरच्या कोरड्या हवेत आणलं की ते तासाभरात लोळागोळा होतं, त्याला हळूहळू सवय लावावी लागते. बरीच रोपं मरतात ती याच टप्प्यावर, आणि आम्हाला नेमका हाच टप्पा करायला मिळाला नाही.

आता टेक्नॉलॉजी. तो एक स्टार इथे गेला.

सेन्सर, डेटा लॉगर (सेन्सरची रीडिंग सतत नोंदवणारं यंत्र), ऑटोमेशन, रिमोट सेन्सिंग हे सगळं दुसऱ्या डिपार्टमेंटचे लोक शिकवायचे. शिकवायचे चांगलं, त्याबद्दल तक्रार नाही, पण आमच्या तीन सेमिस्टरमध्ये त्यांच्या एकाही प्रॅक्टिकलला झाड नव्हतं. सेन्सर पाण्याच्या ग्लासात बुडवून रीडिंग घ्यायचं, ग्राफ काढायचा, सबमिट. आणि इकडे झाडं शिकवणारे लॉगर उघडून बघायचे नाहीत, ते म्हणायचे ते तिकडच्या लॅबमध्ये विचारा. साधं उदाहरण, लाइटच्या प्रॅक्टिकलला आम्हाला लक्समीटर दिला. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप आहे, डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड जास्त जाणवतो म्हणून ते त्यालाच जास्त वजन देतं. झाड वापरतं ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला उजेड, आणि त्याचा हिशोब दर सेकंदाला दर चौरस मीटरवर पडणाऱ्या फोटॉनमध्ये मायक्रोमोलने करतात. निळ्या-लाल एलईडीखाली लक्समीटर अगदीच कमी दाखवतो आणि झाड मात्र मजेत वाढत असतं. हे मला परीक्षा होऊन गेल्यावर कळलं.

तिसऱ्या वर्षी आमच्या पाच जणांच्या ग्रुपला ग्रीनहाऊसचा एक छोटा भाग मिळाला, कोकोपीटच्या बॅगांमध्ये टोमॅटो. पहिले घोस लागले आणि दहा-बारा दिवसांत फळांचा बुडखा काळा पडायला लागला, चामड्यासारखा, आत दबलेला. हा रोग नाही, ब्लॉसम एंड रॉट, फळात कॅल्शियम कमी पडतं त्यामुळे होतं, हे आम्हाला तोंडपाठ होतं, परीक्षेत दोन मार्कांना यायचं. मग आम्ही केलं काय, तर खताच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट वाढवलं. आठवड्याने बघतो तर प्रकार वाढलेला. अजून थोडं वाढवलं. अजून खराब. एका पूर्ण घोसातलं एकही फळ धड राहिलं नाही आणि ग्रुपमध्ये एकमेकांवर ढकलणं सुरू झालं.

शेवटी मॅडम आल्या. त्यांनी फळाकडे बघितलंच नाही. बॅगेखाली निथळून आलेलं पाणी बाटलीत धरलं आणि ईसी मीटर बुडवला, ईसी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं माप. देत होतो त्यापेक्षा निथळ कितीतरी जास्त खारट. मग म्हणाल्या, "लॉगर काढ, दुपारी दोनचं बघ." लॉगर पहिल्या दिवसापासून लावलेला होता, आम्ही तो एकदाही उघडला नव्हता, रिपोर्टला ग्राफ लागतील म्हणून नुसता चालू ठेवलेला. दुपारी ग्रीनहाऊसमध्ये ३५ अंश. आर्द्रता ६० टक्के, म्हणजे बरी आहे असं आम्हाला वाटलं. मॅडमनी तिथेच कागदावर गणित मांडून दाखवलं. ६० टक्केच आर्द्रता, पण २५ अंशाला हवेची ओढ, म्हणजे व्हीपीडी, साधारण १.३ किलोपास्कल असते आणि ३५ अंशाला तीच २.२ च्या पुढे जाते. हवा पानातून पाणी जवळपास पावणेदोन पट जोराने खेचत होती. कॅल्शियम झाडात फक्त मुळाकडून वर जाणाऱ्या पाण्याबरोबर चालतं, एकदा पानात गेलं की परत फिरून फळात येत नाही. भर दुपारी सगळं पाणी पानांकडे, फळाच्या गुळगुळीत सालीतून तर बाष्प जवळजवळ जातच नाही, त्यामुळे फळाच्या वाट्याला थेंब. वरून आमचा टायमर दिवसभर सारख्या अंतराने सहा वेळा पाणी द्यायचा, सकाळी नको तेव्हाही तेवढंच आणि दुपारी तहान लागलेली तेव्हाही तेवढंच, त्यामुळे बॅग दुपारी कोरडी पडून आतले क्षार घट्ट व्हायचे. आणि आम्ही शहाण्यांनी अजून खत टाकून ते आणखी खारट केलं, मग मुळांना पाणी ओढणं अजून जड. कॅल्शियम टाकीत भरपूर होतं, फळापर्यंत पोचायला पाणीच नव्हतं.

ईसी खाली आणला, दुपारच्या पाण्याच्या पाळ्या छोट्या करून वाढवल्या, शेडनेट ओढलं, वरच्या खिडक्या लवकर उघडायला लागलो. काळी पडलेली फळं काही सुधारत नाहीत, ती तोडून टाकली. पण त्यानंतर धरलेले घोस स्वच्छ आले. त्या दोन तासांत मला जेवढं कळलं तेवढं त्याआधीच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं असं मी म्हटलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण ते खरंय. फिजिऑलॉजी मी एका वर्षी शिकले होते, माती दुसऱ्या, सेन्सर तिसऱ्या डिपार्टमेंटकडे, सगळे तुकडे माझ्याकडे होते, पण ते जोडायला कुणी शिकवलं नव्हतं, ते मॅडमनी एका निथळाच्या बाटलीने जोडले. डिग्रीच्या नावात ज्या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहिल्यात, त्यांचं कलम कॉलेजनेच बांधायला हवं ना? आमच्याकडे ते काम एका मॅडमच्या जीवावर चाललं होतं, त्या नसत्या तर मी टोमॅटोला कॅल्शियमच टाकत बसले असते.

स्टॅटिस्टिक्सबद्दल सगळे घाबरवतात. घाबरू नका, पण टाळूही नका. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतीप्रयोग केंद्रावर आले आणि शेतातल्या प्रयोगांची रँडमायझेशन (जागा चिठ्ठ्या टाकून ठरवणं), रेप्लिकेशन (तेच अनेक वाफ्यांवर करणं) ही सगळी शिस्त तिथल्या कामातून उभी राहिली, म्हणजे हा विषय मुळात शेतातूनच आलाय. माझा चौथ्या वर्षाचा प्रयोग रोपांच्या मिडियावर, म्हणजे ट्रेमध्ये रोपं ज्यात वाढवतात त्या मिश्रणांवर होता, एक मिश्रण स्पष्टपणे सरस दिसत होतं आणि मी खूप खूश होते. मग कळलं की त्या मिश्रणाचे ट्रे मी सोयीसाठी सगळे एकाच बाजूला ठेवलेत, आणि तिथे ऊन जास्त वेळ येतं. परत केलं, ट्रे चिठ्ठ्या टाकून पसरवले. फरक गेला. रडू आलं, पण खोटा निष्कर्ष लिहून बाहेर पडण्यापेक्षा हे हजारपट बरं झालं. आता कुणी नवीन टॉनिक घेऊन आलं आणि म्हणालं की एका वाफ्यावर मारून बघितलं, जबरदस्त रिझल्ट, तर मी विचारते की शेजारी न मारलेला वाफा कुठाय आणि असे किती वाफे होते.

काढणीनंतरचं शास्त्र हा विषय मुलं ऑप्शनला टाकतात, मी तर म्हणेन अजिबात टाकू नका. फळ तोडलं तरी श्वास घेत असतं. केळी, टोमॅटो, सफरचंद तोडल्यावरही पिकतात, इथिलीन हा पिकवणारा वायू सोडतात, द्राक्षं, संत्री, स्ट्रॉबेरी तोडली तेव्हा जशी होती तशीच, पुढे गोडी वाढत नाही. केळी १३ अंशाच्या खाली ठेवली की साल काळी पडते. हे माहीत नसेल तर वर्षभराची मेहनत एका खोलीत जाते.

फवारणी आणि रोग-किडींचा विषय अर्धा आवडला. बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक आम्ही हाताने बनवलं, हे १८८५ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्देंनी द्राक्षाच्या केवड्यासाठी मांडलेलं, एक टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी, भांडं लोखंडी चालत नाही, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं आणि शेवटी लोखंडी पातं बुडवून बघायचं, त्यावर तांबूस लेप आला तर चुना कमी पडलाय. हातमोजे, मास्क, वाऱ्याची दिशा यावर सर फार कडक होते आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. किडी मात्र आम्ही जास्त करून पेटीत टाचणीला लावलेल्या बघितल्या. फुलकिडे टाचणीला लावून ओळखू येत नाहीत हो, ते फूल पांढऱ्या कागदावर झटकून बघायचे असतात, हे मला नोकरीत शिकावं लागलं.

ड्रोनवाल्या सेमिस्टरबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. अर्ध्या दिवसाचा डेमो झाला, नंतर कॉम्प्युटरवर एनडीव्हीआयचे, म्हणजे पीक किती हिरवं-निरोगी आहे ते दाखवणाऱ्या आकड्याचे नकाशे. निरोगी पान लाल उजेड शोषतं आणि इन्फ्रारेड परत फेकतं, त्या दोघांच्या फरकाला बेरजेने भागलं की तो आकडा. शेताच्या कुठल्या कोपऱ्यात गडबड आहे ते दिसतं, पण नत्र कमी आहे का मूळ कुजलंय का ड्रीपर चोक झालाय हे नकाशा सांगत नाही, तिथे चालत जाऊन उकरूनच बघावं लागतं. त्यांनी आम्हाला नकाशा रंगवायला शिकवला आणि त्या कोपऱ्यात न्यायचं राहून गेलं.

अजून एक, ही डिग्री अंगमेहनतीची आहे आणि झाडांना सुट्टी नसते. परीक्षेच्या सकाळी सहाला जाऊन आम्ही रोपांना पाणी घातलंय. ज्याला ते ओझं वाटणार असेल त्याने दुसरं काही बघावं, यात कमीपणा काही नाही. आणि इंटर्नशिप कुठल्या महिन्यात पडते ते आधी विचारा. माझी नेमकी पीक काढून झाल्यावर आली, सहा आठवडे मी ट्रे धुतले. निर्जंतुकीकरण पक्कं झालं ते झालं, पण एकही पीक बघितलं नाही.

ॲडमिशनच्या आधी कॉलेज बघायला जाल तेव्हा ते तुम्हाला नवीन लॅब दाखवतील. तुम्ही ग्रीनहाऊसची चावी कोणाकडे असते ते विचारा, मुलांकडे असेल तर चांगलं. प्रत्येकाला स्वतःचा वाफा मिळतो का, का सगळ्या वर्गाला मिळून एक, हे विचारा. आणि तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला गाठून त्यांची फील्डबुक बघायला मागा. पानांवर मातीचे डाग आणि रोजच्या तारखेचे आकडे असतील, निथळाचा ईसी लिहिलेला असेल, तर खुशाल घ्या ॲडमिशन. सगळी पानं एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरल्यासारखी दिसली तर अजून दोन कॉलेजं बघा. माझी टोमॅटोची फील्डबुक अजून आहे, कुणाला बघायची असेल तर खाली सांगा, पानांचे फोटो टाकते, ती चुकलेली कॅल्शियमची पानंसुद्धा.